आधी घर झोपू द्या, मग पाण्याचा हिशोब करा

बावीस वर्षं मी नळ, टाक्या आणि संडासाचे फ्लश दुरुस्त करतोय. धरणं आटायला लागली की माझ्याकडे दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, ‘मोठी टाकी बसवून द्या.’ दुसरा, ‘पाणी वाचवायचं काहीतरी यंत्र असेल तर सांगा.’ नळ ठिबकतोय म्हणून मात्र कोणी सहसा बोलावत नाही. ठिबकण्याच्या आवाजाने झोप मोडायला लागली, की मगच बोलावतात.

माझं म्हणणं सोपं आहे. दात घासताना नळ बंद करा, हे सगळ्यांना पाठ आहे आणि ते बरोबरही आहे. पण आपण नळापाशी उभे असताना जातं त्या पाण्यावर आपली नजर तरी असते. खरी लूट कोणी बघत नसताना चालते. रात्री, कामावर गेल्यावर, संडासाच्या टाकीत, गच्चीवर. म्हणून सुरुवात तिथून करायची.

त्याआधी धरणाबद्दल थोडं, कारण ‘अजून अर्धं धरण भरलेलं आहे’ असं म्हणून निवांत बसणारे खूप भेटतात. धरण ही चौकोनी टाकी नव्हे. बहुतेक धरणं दरीत असतात, वर रुंद आणि खाली निमुळती. उलटा धरलेला शंकू डोळ्यांसमोर आणा. त्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी असेल, तर ते पूर्ण भरलेल्या पाण्याच्या निम्मं नसतं, फक्त एक अष्टमांश असतं. खरी दरी इतकी नेटकी नसते, पण चाल तीच. पातळी जशी खाली येते तसं त्याच वापराला ती अधिक भराभर उतरते. भिंतीतून पाणी बाहेर काढायचं जे दार असतं, त्याच्या खालचं पाणी म्हणजे मृतसाठा. ते आपोआप बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं. शिवाय तळाचं पाणी गाळाचं, शेवाळाचं, शुद्ध करायला जड. वरून ऊन आहेच. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मिलिमीटर वाफ उडाली तर दहा लाख लिटर गेले. कडक उन्हात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर सहज उडतं. ते आपल्या हातात नाही. घरातलं आहे.

रात्रीची परीक्षा

पाण्याचं मीटर असेल तर झोपण्यापूर्वी सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा. मशीन लावू नका, फ्लश वापरू नका. पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर घरात कुठेतरी गळती आहे, वाद घालायचं कारण नाही. बऱ्याच मीटरवर एक छोटी लाल किंवा काळी चकती असते, तारा किंवा त्रिकोणाच्या आकाराची. सगळे नळ बंद असताना ती जरा जरी फिरत असेल तर रात्रभर थांबायचीही गरज नाही.

मीटर नसेल तर गच्चीवरची टाकी हेच तुमचं मीटर. टाकीत येणारं पाणी बंद करा, पातळीपर्यंत एक काठी बुडवून ओली खूण करा, सकाळी पुन्हा बुडवा. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर उतार म्हणजे जवळपास ८ लिटर. पाच सेंटीमीटर उतरलं तर ४० लिटर, म्हणजे दोन भरगच्च बादल्या, आणि रात्रभर कोणी हातही धुतलेला नाही.

गळती आहे हे कळलं, पण कुठे? इथे एक जुनी युक्ती सांगतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, त्याचं टोक पाइपवर किंवा कॉकवर टेकवा आणि मुठीचा भाग कानाच्या मागच्या हाडाला लावा. रात्री दोन वाजता, पंखे बंद करून. पाणी वाहत नसेल तर काहीच ऐकू येत नाही. वाहत असेल तर बारीक ‘सऽऽ’ असा आवाज येतो, आणि गळतीजवळ जाल तसा वाढत जातो. एक-एक खोलीचा कॉक बंद करत जायचं. ज्या कॉकनंतर आवाज थांबला, त्याच्या पुढे चोर.

आता स्वतःची फजिती सांगायलाच हवी. लोकांच्या घरी असे कान लावत फिरणारा मी, माझ्याच गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा कॉक, कित्येक महिने गळत होता. टाकी भरून वाहायची आणि वाहून गेलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट पावसाच्या पाइपात पडायचं. ना ओल, ना डबकं, ना शेजाऱ्याची तक्रार. एका रात्री वीज गेली, सगळं शांत झालं, आणि बायको म्हणाली, ‘अहो, पाऊस नाही तर पन्हाळीतून पाणी कसलं पडतंय?’ त्या दिवसापासून माझा नियम झाला, ओव्हरफ्लोचं तोंड कधीही पाइपात जोडायचं नाही. ते डोक्यावर पडेल, दारात पडेल, पण दिसेल अशा जागी उघडं सोडायचं. नळी उंच असेल तर तोंडाला बारीक जाळी बांधा, म्हणजे डास आणि पाली आत जात नाहीत.

संडासाची टाकी

पाणी वाचवायला निघालेल्या माणसाने एकच झाकण उघडायचं असेल तर ते फ्लशच्या टाकीचं. इथली गळती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मुकी. पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं उतरतं, डोळ्याला दिसत नाही, आणि दिवसाला शेकडो लिटर जाऊ शकतं.

टाकीतल्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका. फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यातलं पाणी रंगलं तर तळाचं रबर गळतंय. घरात तसा रंग नसेल तर टॉयलेट पेपरचा कोरडा तुकडा भांड्याच्या मागच्या बाजूला चिकटवा. तो वरून भिजत आला तरी उत्तर तेच.

मग दोष कुठे ते शोधा. टाकीतल्या पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि खालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत येणारं पाणी अडवणारा भिंतीवरचा छोटा कॉक, बंद करा. तासाभराने पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर तळाचं रबर किंवा त्याची बैठक खराब आहे. पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं असेल तर तळ ठीक आहे, पाणी भरणारा व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीये. तेव्हा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली करा. पाणी त्या नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खालीच थांबायला हवं.

रबर बदलण्याआधी एकदा बोटाने चाचपा. अनेकदा त्यावर फक्त क्षार बसलेले असतात, जुन्या टूथब्रशने घासलं की पुन्हा नीट बसतं. रबर चिवट राहिलं नसेल, बोटाला काळं लागत असेल, तर बदला. आणि टाकीत टाकायच्या त्या रंगीत, सुवासिक क्लोरीनच्या वड्या बंद करा. त्या रबर कडक करतात. वडी संपते, गळती राहते.

जुन्या टाक्या एका फ्लशला १० ते १३ लिटर ओततात. नव्या दोन बटणांच्या टाक्या मोठ्या बटणाला साधारण ६ आणि छोट्याला ३. चार माणसं दिवसाला पाच-पाच वेळा गेली तर जुन्या टाकीत २०० लिटरच्या वर गेले. टाकी बदलायची तयारी नसेल तर दीड लिटरची बाटली पाण्याने आणि थोड्या खड्यांनी भरून, झाकण घट्ट लावून टाकीच्या कोपऱ्यात उभी करा, फ्लोटला आणि साखळीला लागणार नाही अशी. प्रत्येक फ्लशला दीड लिटर वाचतं, वीस फ्लशला ३० लिटर. वीट मात्र टाकू नका. वीट पाण्यात झिजते, तिची बारीक खडी रबराखाली अडकते आणि मग मला बोलवावं लागतं. आधीच ६ लिटरची असलेल्या टाकीत बाटलीचा हट्टही करू नका, कारण एका फ्लशमध्ये काम झालं नाही तर दुसरा करावा लागतो.

आंघोळीचं किंवा कपड्यांचं पाणी फ्लशला वापरायचं असेल तर ते टाकीत नको, थेट भांड्यात ओता. साबणाची साय व्हॉल्व्हची वाट लावते. पाच-सहा लिटर, जरा उंचीवरून, एका दमात. हळूहळू ओतलं तर बादलीभर जातं आणि काम होत नाही. नुसती लघवी असेल तर प्रत्येक वेळी ओतायलाच हवं असंही नाही. घरात यावर मतभेद होतील, ते तुमचे तुम्ही मिटवा.

ठिबकणारा नळ

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, आणि साधारण चार हजार थेंबांचा एक लिटर. रोजचे २१-२२ लिटर झाले. विश्वास नसेल तर रात्री खाली बादली ठेवा.

जुन्या पद्धतीचा, पिळून बंद करायचा नळ असेल तर दुरुस्ती स्वतः जमते. खालचा कॉक बंद करा, नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्या, आणि सिंकच्या भोकावर फडकं टाका. स्क्रू नेहमी त्याच भोकात पडतो. मूठ काढा, पान्याने वरचा भाग डावीकडे फिरवून बाहेर घ्या. त्याच्या खालच्या टोकाला रबराचा वॉशर असतो, मध्ये खड्डा पडलेला. तेवढ्याच मापाचा नवा लावा. पण लावण्याआधी करंगळी आत घालून बैठकीची, म्हणजे वॉशर जिथे टेकतो त्या जागेची, कड चाचपून बघा. कड खरखरीत लागली तर नवा वॉशर थोड्याच दिवसांत कापला जाणार. ती घासून घ्यावी लागते, ते काम कारागिराला द्या. पाव फेऱ्याने उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, चकत्यांचं काडतूस असतं. ते काढून नमुना म्हणून दुकानात न्या, अंदाजाने आणलेलं बसत नाही.

आणि नळ पिळून बंद करणं सोडा. ठिबकतोय म्हणून जोर लावायचा, जोर लावला म्हणून वॉशर चिरडायचा, चिरडला म्हणून आणखी ठिबकायचा. मी जे वॉशर बदलतो त्यातले निम्मे असेच मेलेले असतात.

धार

बेसिनखालचा अँगल कॉक निम्मा बंद करा. झाली बचत. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. भांडं घेऊन मोजा: एक लिटर सहा सेकंदांत भरलं तर नळ मिनिटाला १० लिटर सोडतोय. हात धुवायला तीन-चार लिटरची धार भरपूर झाली. नळाच्या तोंडाची हवा मिसळणारी जाळी काढून टाकलेली घरं मी इतकी बघतो की सांगता सोय नाही. ‘धार बारीक येत होती’ म्हणतात. बारीक येत होती कारण जाळीत क्षार साचले होते. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, परत लावा.

आंघोळ. बादली १५ ते २० लिटरची असते, साधा शॉवर मिनिटाला ९-१० लिटर सोडतो. म्हणजे शॉवर वाईट नाही, दहा मिनिटं वाईट आहेत. एका मिनिटात भिजून, बंद करून साबण लावून, पुन्हा एका मिनिटात आटोपणारा बादलीवाल्यापेक्षा फार मागे नाही. टंचाईत मी बादलीच म्हणेन, कारण ती संपलेली दिसते.

गरम पाणी येईपर्यंत थंड वाहू देतो, ते मात्र कोणी मोजत नाही. गीझरपासून नळापर्यंत दहा मीटर नळी असेल तर अर्ध्या इंची नळीत जवळपास पावणेदोन लिटर थंड पाणी उभं असतं, आणि ते निघून गेल्याशिवाय गरम येत नाही. चार आंघोळी, सात लिटर, स्वच्छ पाणी. नळाखाली बादली ठेवा, बस.

भांडी वाहत्या नळाखाली नको. आधी खरकटं पुसून घ्या, एका टबात घासा, दुसऱ्यात बुचकळा. कपड्यांचं मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका आणि साबण कमी घाला. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फक्त खळबळणं वाढतं. शेवटच्या खळबळीची नळी बादलीत सोडली तर ते पाणी पुढच्या घाणीच्या धुण्याला किंवा फरशीला चालतं.

किती पाण्यात भागतं, असं लोक विचारतात. जागतिक आरोग्य संघटना मूलभूत गरजांसाठी माणशी रोज ५० ते १०० लिटर धरते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली होती. ५० लिटर मांडून बघा: आंघोळ १५, फ्लश १२, कपडे १०, स्वयंपाक-पिणं ५, भांडी ५, हाततोंड-फरशी ३. जमतं. पण फ्लश गळत असेल तर सगळा मेळ तिथेच कोसळतो. म्हणून मी अर्धा लेख संडासात घालवला.

वापरलेलं पाणी

आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी झाडांना चालतं, पण साठवू नका. चोवीस तासांच्या आत वापरा, नाहीतर त्याला असा वास सुटतो की घरचे ही सगळी मोहीमच बंद पाडतील. ब्लीच घातलेलं, बाळाचे लंगोट धुतलेलं, तेलकट भांड्यांचं पाणी झाडांना नको. पानांवर न शिंपडता मुळाशी मातीत सोडा, आणि कच्च्या खायच्या भाज्यांना अजिबात नको. साबणातलं मीठ मातीत साचतं, त्यामुळे मधूनमधून साधं पाणीही द्या. भाज्या-फळं धुतलेलं पाणी मात्र डोळे मिटून द्या.

झाडांत प्राधान्य लावा. हिरवळ पिवळी पडली तर पडू द्या, पाऊस आला की बहुतेकदा ती परत येते. मोठं झाड मेलं की गेलं. रोज वरवर शिंपडण्याने मुळं वरच राहतात. आठवड्यातून एक-दोनदा, पहाटे, खोलवर मुरेल असं द्या आणि बुंध्याभोवती वाळक्या पानांचा चार बोटं थर घाला, खोडाला न टेकवता. कुंडीत बोट घाला. दोन पेरं आत ओल लागली तर आज पाणी नको.

साठवण

कपात सुरू झाली की लोक घाबरून सगळी भांडी भरतात, आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं ओतून देतात. हे बघून माझा जीव तुटतो. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. पिण्याचं वेगळं, अरुंद तोंडाच्या किंवा तोटीच्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्यात हात बुडत नाहीत. बाकी बादल्या-पिंपांवर झाकण. झाकण नसेल तर कापड ताणून बांधा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली भिंत घासा, आणि ते घासलेलं पाणी फ्लशला.

पाणी थांबून-थांबून येतं तेव्हा रिकाम्या पाइपात बाहेरची घाण ओढली जाते. पुरवठा परत आल्यावर पहिली गढूळ बादली बाजूला काढा, फरशीला किंवा फ्लशला वापरा, आणि ती गेल्याशिवाय फिल्टरचा कॉक उघडू नका. शंका आली तर प्यायचं पाणी खळखळ उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा.

राहिला उघडा नळ. पाणी नसताना आपण नळ फिरवून बघतो, काही येत नाही, आणि तसाच सोडून बाहेर पडतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे असाच बेसिनचा नळ राहिला, भोकावर फडकं पडलेलं, पाणी दुपारी आलं आणि ते रात्री घरी आले तेव्हा जिन्यावरून ओघळ येत होता. म्हणून घरातल्या प्रत्येकाला मुख्य कॉक कुठे आहे ते दाखवा आणि बाहेर जाताना तो बंद करा. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो फिरवत राहा, नाहीतर गरजेच्या दिवशीच जाम झालेला सापडतो. आमच्या कॉकच्या दांडीला मी लाल चिंधी बांधलीय. चिंधी आडवी असली की बंद, उभी असली की चालू. नातवालाही दारातून दिसते, आणि आता तोच मला विचारतो, ‘आजोबा, चिंधी उभीच राहिलीय, आपण निघालोय ना?’